आधी माणूस, मग गोळी, मग बंदूक

सर कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खुर्ची हलवून बघत. ती करकरली, तर शर्टाच्या खिशातून पेनाशेजारचा स्क्रूड्रायव्हर निघे, खुर्ची उलटी होई, आणि घरची बाई पाण्याचा तांब्या हातात धरून सरांच्या पाठीकडे बघत उभी राही. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दोन खुर्च्या आणि स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी आवळली, मग चहा घेतला आणि निघताना म्हणाले, "घर छान आहे, मॅडम. फक्त सैल आहे."

रेवा, ईशान, परवा फोनवर तुम्ही माझ्या भिंतीवरचा तो फोटो पाहिलात आणि विचारलंत, साडी नेसून पालथी पडलेली, रायफल रोखलेली ती बाई तूच का, आणि तुझ्या पायांकडे टक लावून बघणारा तो उंच माणूस कोण. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून लिहून पाठवते. सावकाश वाचा. अडेल तिथे आईला विचारा.

मुरबाडच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवत असे आणि ते फिजिक्स. स्टाफरूममध्ये सर पुष्कळ होते, पण कुणी नुसतं 'सर' म्हटलं की हेच. निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, देवळात जातात. यांनी रायफल क्लब काढला. तरुणपणी ते स्पर्धांमधून खेळले होते आणि आपल्या भागातल्या मुलांना हा खेळ बघायलाही मिळत नाही, याची त्यांना चुटपुट होती. सरळगावच्या पुढे, शहापूरच्या रस्त्याला एक बंद पडलेली दगडखाण होती. तिच्या पोटात मातीचा उंच बांध घातला, अलीकडे पत्र्याची शेड उभारली, सगळे परवाने काढले. परवाने मी काढले, असं म्हणायला हवं. मला चिटणीस करण्याचं कारणच ते होतं. सर अर्ज लिहायला बसले की त्यात कार्यकारणभाव इतका सविस्तर येई की मागणीपर्यंत पान पुरत नसे.

क्लबकडे तीन रायफली होत्या. दोन जुन्या, शिकाऊ मुलांसाठी. तिसरी चांगली, स्पर्धेची. तिला सर 'थोरली' म्हणत, जरी वयाने ती सगळ्यांत लहान होती. या खेळातली गोळी असते करंगळीच्या पेराएवढी. पन्नास मीटरवर पुठ्ठ्याचं टार्गेट, आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं. पालथं झोपायचं, कोपरे टेकायचे, दंडाला बांधलेल्या पट्ट्याने रायफल घट्ट ओढून धरायची आणि श्वास सोडून थांबायचं. नवख्या मुलांना वाटे की मधोमध लागली की झालं. सरांना मध्याचं कौतुक नव्हतं. पाच गोळ्या एकमेकींना चिकटून लागल्या की ते खूश, मग त्या टार्गेटच्या कोपऱ्यात का असेनात. "कोपरा हलवता येतो," ते म्हणत. "विखुरलेलं हलवून काय करणार?"

मीही वर्षाकाठी एकदा-दोनदा नेम धरत असे, तेव्हाचा तो फोटो. सर टार्गेटकडे कधी बघत नसत. नेम धरणाऱ्याच्या पायाच्या बोटांकडे बघत. म्हणत, चेहरा खोटं बोलायला शिकतो, बोटांना कुणी शिकवलेलं नसतं. माझी बोटं बघून त्यांनी निकाल दिला होता, "मॅडम, तुम्ही गोळी सुटायच्या आधीच मान वर करता. पेपर लिहून व्हायच्या आधी निकालाच्या फळ्याकडे धावता." त्यांच्या मते सगळी मेख तिथेच होती. गोळी सुटली तरी काही झालंच नाही असं पडून राहायचं. हलायचं नाही.

त्यांचा दुसरा नियम होता, एका वेळी एकच. काही बिघडलं तर एकच गोष्ट बदलायची, बघायचं, मग दुसरी. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि न कळता सुधारलेलं त्यांना बिघडल्यासारखंच वाटे. घरीसुद्धा हेच. आमटी अळणी आणि आंबट लागली तर वहिनींना मीठ आणि गूळ एकदम घालायला बंदी.

"आधी मीठ घाल. ढवळ. आता चव बघू."

"मी गूळ घालतेय."

"थांब. मिठाचा परिणाम कळला नाही अजून."

"तुम्ही परिणाम खा," वहिनी म्हणत, आणि आमटी आत नेऊन हवं ते घालून परत आणत. सर ती दोनदा मागून घेत आणि जेवण झाल्यावर खिन्न होऊन म्हणत, "झाली चांगली. पण कशाने?"

एकदा धसईला जाणाऱ्या जीपमध्ये आम्ही दोघं शेजारी होतो. दाराचा एक बोल्ट खडखडत होता. सर खाली वाकलेले बघून ड्रायव्हर आरशातून ओरडला, "ओ सर, त्याला हात नका लावू."

"ढिला आहे."

"ढिला हाय म्हनून तर दार उघडतं."

पण तोवर बोल्ट आवळून झाला होता. धसईला भर बाजारात आम्ही सगळे, दोन टोपल्या आणि एक कोंबडी धरून, ड्रायव्हरच्या बाजूने उतरलो. ड्रायव्हर पुढे कितीतरी दिवस सरांना जीपमध्ये घ्यायच्या आधी हात वर करून दाखवायला लावत असे. सर इमानदारीने स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्या हवाली करत आणि उतरताना परत मागून घेत.

आणि तिसरा नियम, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. नेम चुकायला लागला की शोध कोणत्या क्रमाने घ्यायचा? सर सांगत, आधी माणूस, मग गोळी, मग बंदूक. रायफल बिचारी लोखंड-लाकडाची, ती रात्री जागत नाही, घरात भांडत नाही. म्हणून मुलगा किंवा मुलगी "सर, रायफल बिघडली" म्हणत आली की सर विचारत, "सकाळी काय खाल्लंस?"

आता वनिताबद्दल. ती धसईच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वाडीतली. वडील भाजी घेऊन बाजारात बसत. अकरावीत असताना सहज बघायला म्हणून खाणीवर आली आणि पहिल्याच दिवशी तिने सरांना गप्प केलं. गोळ्या काही चांगल्या लागल्या नव्हत्या, पण प्रत्येक गोळीनंतर ती पोर पाषाणासारखी पडून राही. सर तिच्या पायाच्या बोटांकडे बघत राहिले आणि मला हळूच म्हणाले, "हिला कुणी शिकवलं?" कुणीच नाही. पुढे तिला विचारलं तर म्हणाली, "सश्यासाठी बसतो ना आमी बाबांबरोबर, मंग हललं की गेलाच तो." सरांनी कानांवर हात ठेवले. "हे चिटणीस मॅडमसमोर बोलायचं नाही. त्यांना सगळं लिहून ठेवायची सवय आहे."

दोन वर्षांत ती जिल्ह्यात पहिली आली. राज्य स्पर्धा दिवाळीनंतर होती. कनिष्ठ गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. तिथे ठरलेले गुण मिळाले तर एका मोठ्या प्रशिक्षण केंद्रात जागा मिळणार होती. राहणं, जेवण, पुढचं शिक्षण आणि वापरायला स्वतःची रायफल. नाही मिळाले तर पुन्हा संधी नव्हती. तिचे वडील चांगले होते, पण त्यांनी सरळ सांगितलं होतं, "झालं तर जाऊ द्या तिला. नाय झालं तर मंग माज्याबरोबर बाजारात बसंल. खेळ किती वर्सं खेळायचा?" वनिताला ते पटलेलं होतं. म्हणूनच ती जीव तोडून मेहनत करत होती.

आणि दसऱ्यानंतर तिच्या गोळ्या विखरायला लागल्या.

थोडंथोडकं नाही. नवरात्राआधी ज्या पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जात, त्या आता वाटीखाली मावेनात. एक वर, एक उजवीकडे, मग दोन ठीक, मग पुन्हा वर. सरांनी क्रम सुरू केला.

"काय खाल्लंस?"

"भाकर नि सुकट."

"रोज तेच खातेस?"

"नाय सर, कधी सुकट नसती."

"झोप?"

"लागते की."

"कुणाशी भांडलीस?"

"कुनाशी भांडू? घरात बोलाया येळ नाय कुनाला, भातकापनी चाललीय."

सरांचं समाधान होईना. दोष माणसातच आहे याची खात्री करायला त्यांनी वनिता वापरायची ती थोरली वाळूच्या पिशव्यांवर ठेवून, पट्टा न बांधता, स्वतः मागे बसून गोळ्या झाडल्या. सगळ्या एका भोकात. म्हणजे रायफल निर्दोष. म्हणजे माणूस. ते एका रविवारी मला घेऊन वनिताच्या वाडीवर गेले, ती कशी झोपते ते बघायला. तिची आई अंगणात भात झोडत होती. सरांनी खाट हलवून बघितली, एक पाय लुळा होता, तो आवळला. मग तिच्या आईला विचारलं, ही रात्री दचकते का?

"ही? कोंबडं उशाशी आरडलं तरी उठत नाय. मास्तर, तिचं काय बिघडलं का?"

"नाही नाही. फक्त तपासतोय."

"मंग तिला कशाला सांगता बिघडलंय म्हनून? जेवत नाय चार दिस ती."

परतीच्या वाटेवर मी बोलले. म्हणाले, की आजार शोधता शोधता आपणच आजार लावतोय. त्यावर ते एवढंच म्हणाले, "मॅडम, क्रम मोडता येत नाही. माणूस सुटल्याशिवाय गोळीकडे कसं जाणार?"

दिवाळी झाली. वनिताने फराळाचा डबा आणला आणि शेडच्या खांबाला टेकून, कुणाकडे न बघता म्हणाली, "सर, माझा हातच गेला असंल. नाव काढून घ्या. दुसऱ्या कुनाला तरी पाठवा." ती रडत नव्हती. हिशेब करून बोलत होती, बापासारखी. सरांनी चकली तोंडाकडे नेता नेता खाली ठेवली.

मी शिस्तीची बाई आहे, मुलांनो. मला नियम आवडतात, विशेषतः दुसऱ्याचा नियम त्याच्यावरच लावता येतो तेव्हा. मी म्हणाले, "सर, एका वेळी एकच, हे तुमचंच ना? वाळूच्या पिशवीवर तुम्ही एकदम किती गोष्टी बदलल्यात बघा. माणूस बदलला, पट्टा काढला, झोपण्याऐवजी बसलात. आता फक्त माणूस बदला. बाकी सगळं तसंच. पट्टा बांधा आणि झोपा."

"कोण झोपणार?"

"इथे पट्टा बांधून, न हलता नेम धरता येणारे दोघंच आहेत. एक ही. दुसरे तुम्ही."

"माझे गुडघे," सर म्हणाले. "आणि डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मॅडम. त्याने निष्कर्षात दोष—"

"सर, झोपा ना," वनिता म्हणाली. "मी धरते तुमाला."

तिने आणि मी मिळून सरांना खाली घेतलं. त्याचं वर्णन करत नाही. कपाट जिन्यावरून उतरवताना माणसं जसं बोलतात तसं आम्ही तिघं बोलत होतो. पट्टा दंडाला लागला, चष्मा नीट झाला. वनिता पायाशी उभी राहिली आणि मी बघितलं, ती टार्गेटकडे नाही, सरांच्या बुटांकडे बघत होती. "बूट काढा," ती म्हणाली. "बोटं दिसत नायत." मोजे नव्हते, हे बरं झालं.

सरांनी पाच गोळ्या झाडल्या. वनिता म्हणाली, "बोटं हलली नायत, सर." मी दुर्बिणीतून बघितलं. एक वर, एक उजवीकडे, दोन ठीक, पाचवी पुन्हा वर. सगळ्या वाटीएवढ्या पसरलेल्या, जशा तिच्या.

मी तसं सांगितल्यावर सर पालथे पडल्या पडल्या हसायला लागले. इतका वाईट नेम मारून इतका आनंदलेला माणूस मी पाहिलेला नाही. "सुटली," ते म्हणाले. "मॅडम, पोरगी सुटली. माणूस सुटला. वनिता, चकली दे." त्यांनी झोपूनच चकली खाल्ली. वनितानेही खाल्ली, आणि मग लाडू, आणि मग डबाच पुढ्यात ओढला.

पुढचं भराभर झालं, म्हणजे सरांच्या मानाने. गोळ्यांचं खोकं बदललं. तेच. नेम धरायची मागची साइट हलते का बघितली. नाही. नळी लाकडी दस्त्याला जोडणारे स्क्रू सरांनी स्वतः तपासले, आणि ते ढिले असणं शक्यच नव्हतं, कारण सर त्यांना रोज तपासत. नळीच्या तोंडाची कड भिंगाने बघितली. निर्मळ. मग सर थबकले. म्हणाले, "पट्टा बांधला की बिघडतं. पट्टा काय करतो? दस्ता ओढतो. मग नळीला काहीतरी लागतंय."

चांगल्या रायफलीची नळी लाकडी दस्त्याला टेकलेली नसते. मधे बारीक फट असते, कारण गोळी सुटताना नळी थरथरते आणि ती दर वेळी सारखीच थरथरावी, कशाला घासू नये, म्हणून. सरांनी खिशातून एसटीचं तिकीट काढलं, फटीत घातलं आणि पुढून मागे सरकवत नेलं. तिकीट निम्म्यापर्यंत आलं आणि अडलं. पुन्हा घातलं. पुन्हा तिथेच अडलं.

स्क्रूड्रायव्हर निघाला. दस्ता वेगळा झाला. सरांनी आतल्या खोबणीत बघितलं, भिंग लावलं, आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"काय हाय, सर?"

सरांनी तळहात पुढे केला. त्यावर तांदळाचा एक दाणा होता. कुंकवाने लाल झालेला.

आता एक गोष्ट सांगायची राहिली ती सांगते. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची आणि अवजारांची पूजा होते. मुरबाडला त्या दिवशी गॅरेजातल्या पान्यांपासून भाताच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना झेंडूची फुलं मिळतात. क्लबमध्ये ती पूजा सर करत, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. तिन्ही रायफली पाटावर मांडत, शेजारी स्क्रूड्रायव्हर, मग हळदकुंकू, फुलं, आणि मूठ भरून अक्षता. त्या वर्षी मुलीची स्पर्धा म्हणून थोरलीवर दोन मुठी पडल्या होत्या. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो. त्यातला एक दाणा फटीत गेला आणि बसून राहिला. रायफल नुसती ठेवली की त्याचा नळीला स्पर्श नव्हता. कुणी पट्टा ओढून झोपलं की दस्ता वाकायचा आणि दाणा नळीला टोचायचा.

सर दाण्याकडे बघत होते, मी सरांकडे. शेवटी वनिता अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "म्हंजे क्रम बरोबरच होता, सर. आधी मानूस. नुसता मानूस चुकीचा धरला."

मला हसू आवरेना. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता ते शेडमधल्या स्टुलावर बसले, आणि ते करकरलं, तरी त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला नाही.

मग हसू थांबलं. त्यांनी वनिताला समोर बोलावलं आणि म्हणाले, "वनिता, चूक माझी. तुझा हात जागेवर होता." ती म्हणाली, "मला म्हाईतच होतं," आणि आम्हा तिघांनाही माहीत होतं की तिला ते माहीत नव्हतं. दस्ता बसवला, ती झोपली, पाच गोळ्या झाडल्या. रुपयाच्या नाण्याखाली. सर म्हणाले, "चालेल, पण एकदाच झालंय. पुन्हा." पुन्हा तेच झालं.

राज्य स्पर्धेला आम्ही दोघं तिच्याबरोबर गेलो. सर तिथेही तिच्या पायाच्या बोटांकडेच बघत होते, म्हणून गुण मला मोजावे लागले. लागणार होते त्याहून थोडेच जास्त आले, पण आले. तिला जागा मिळाली. म्हशाच्या जत्रेत तिच्या वडिलांनी सरांसाठी जाडजूड घोंगडी घेतली आणि घरी आणून दिली. म्हणाले, "गुडघ्याखाली घाला. पोरगी म्हनते, परत झोपवायचं हाय तुमाला."

सर आता बडोद्याला मुलाकडे असतात. ऐकते की तिथल्या सोसायटीतला एकही झोपाळा आता वाजत नाही आणि मुलं त्यामुळे थोडी नाराज आहेत. जाण्याआधीची खंडेनवमी त्यांनी क्लबमध्येच केली. वनिता केंद्रातून सुट्टी घेऊन आली होती. स्वतःची रायफल तिकडेच होती, पण थोरलीच्या पूजेला यायचंच, असा तिचा हट्ट.

पाट मांडला, फुलं वाहिली, हळदकुंकू लावलं. मग सरांनी अक्षतांची मूठ भरली आणि रायफलीवर हात नेला. हात तिथेच थांबला. वहिनी म्हणाल्या, "आता काय, एकेक दाणा टाकणार आहात?"

सर वळले आणि ती सगळी मूठ त्यांनी वनिताच्या डोक्यावर ठेवली.

"बंदुकीत नको," ते म्हणाले. "इथे एखादा अडकला तर चालेल."

केसांतून दाणे तिच्या खांद्यावर, ओढणीवर, जमिनीवर पडत राहिले. वनिताने मान वर केली नाही. शेवटचा दाणा खाली पडेपर्यंत, आणि त्यानंतरही थोडा वेळ, ती हलली नाही. सर तिच्या पायांकडे बघत होते.